आधी बेडका नीट द्या



क्षयरोगाच्या तपासणीत आणि उपचारांत अलीकडे जे नवं संशोधन झालं, त्याविषयी बोला, असं मला आकाशवाणीनं सांगितलंय. मिनिटं दहा आणि विषय एवढा मोठा. नव्या यंत्रांची आणि नव्या गोळ्यांची नावं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेली असतात. माझं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. तिथल्या खिडकीतून रोज आत येणारी प्लॅस्टिकची लहानशी डबी, तेवढंच मला दिसतं. त्यामुळे संशोधनाकडे जाऊ, पण त्या डबीच्या वाटेनंच.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मधेच कुणाच्या दारात पाहुणे आले, कुणाचं दूध उतू गेलं, तरी ती चुकायला नको. टीबीच्या तपासणीसाठी डबी हातात दिली, की तिच्यात तोंडातली लाळ टाकू नका. छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. घट्ट, चिकट, पिवळसर. सकाळी सकाळी हा काय विषय, असं वाटेल कुणाला. वाटू द्या. मी हे आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आता यंत्रांकडे येतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. त्यानंतर सव्वाशे वर्षं आमचा मुख्य आधार एकच होता. बेडका काचेवर पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या शोधत बसायचं. त्यात मोठी अडचण अशी, की एका मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते डोळ्यांना सापडतात. त्याहून कमी असले तर कागदावर ‘निगेटिव्ह’ असं लिहिलं जातं आणि माणूस जंतू छातीत घेऊन घरी जातो.

मग जीनएक्स्पर्ट आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्याला सीबीनॅट म्हणतात. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं. मिलिलिटरमध्ये शे-सव्वाशे जंतू असले तरी त्याला पुरतात. त्याची पुढची ‘अल्ट्रा’ आवृत्ती तर विसाच्या आत असलेलेही टिपते. दोन तासांत उत्तर मिळतं, आणि रिफाम्पिसिन हे आपलं मुख्य औषध या जंतूवर चालेल की नाही, तेही त्याच वेळी कळतं. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीनं ट्रूनॅट आणलं. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, म्हणून ते थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यालाही मान्यता दिली. ज्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं, ती आता तालुक्याच्या आत आली. याचा मला अभिमान आहे, तुम्हालाही वाटावा.

पण श्रोतेहो, यंत्र म्हणजे शेवटी पिठाची गिरणी. नव्या मोटरची, नव्या जात्याची, गावात पहिली अशी गिरणी आली आणि तुम्ही डब्यात कोंडा भरून पाठवलात, तर पीठ कुठून येणार? गिरणीवाल्याशी भांडून उपयोग नाही. जे दळायला द्याल तेच दळून येईल. लाळ म्हणजे कोंडा. क्षयाचा जंतू फुफ्फुसात खोल बसलेला असतो, लाळेत तो क्वचित आणि थोडा उतरतो. लाळ दिलीत की ते लाखांचं यंत्र लाळच दळतं, आणि दोन तासांनी प्रामाणिकपणे सांगतं की यात जंतू नाही. ते लाळेपुरतं खरंच असतं. पण तुम्ही घरी जाऊन सांगता, ‘मला टीबी नाही, मशीननं सांगितलं.’

दळणाच्या डब्यावर नाव नसेल तर तुमची बाजरी शेजारणीकडे जाते आणि तिचे गहू तुमच्याकडे येतात. तसंच इथे. नाव डबीच्या अंगावर लिहिलेलं हवं. झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. दळणाचं झाकण सैल राहिलं तर वाटेत सांडतं. डबीचं झाकण सैल राहिलं तर नमुना सांडतो, शिवाय आणणाऱ्याच्या हाताला लागतो. आणि दळण भिजवून दोन दिवस कोपऱ्यात ठेवलं तर त्याला बुरशी धरते. बेडकाही उन्हात, गाडीच्या डिकीत राहिला तर त्यात दुसरेच जंतू वाढतात. म्हणून त्याच दिवशी पोचवा. फरक एकच आहे. चांगला गिरणीवाला डबा उघडून म्हणतो, ‘काकू, हे निवडून आणा.’ आम्हाला प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी तसं म्हणता येत नाही. परत पाठवलेला माणूस पुन्हा येईलच असं नसतं. मजुरी बुडवून, एसटीनं आलेला असतो बिचारा. म्हणून कित्येकदा जे आलं तेच यंत्रात जातं.

तुम्ही म्हणाल, थुंकायचं कसं हे शिकवायला रेडिओ कशाला हवा? तर त्यावर संशोधन झालेलं आहे. पाकिस्तानात रावळपिंडीला तीन हजारांवर संशयित रुग्णांवर एक चाचणी झाली. २००७ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्या लोकांना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली. बाकीच्यांना बेडका कसा काढायचा ते थोडक्यात समजावून सांगितलं. तेवढाच फरक. बायकांमध्ये, ज्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांच्यापैकी ८ टक्के जणींच्या नमुन्यात जंतू दिसले. समजावलेल्यांपैकी १३ टक्के जणींच्या नमुन्यात दिसले. नवं यंत्र आणलं नव्हतं, नवं औषध दिलं नव्हतं. नुसतं नीट सांगितलं. पुरुषांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

हे कशामुळे, ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात बसून कळेल. पुरुष अंगणात उभा राहून खाकरतो, कुणी काही म्हणत नाही. सून तशी खाकरली तर सासूबाई वळून बघतात. म्हणून ती पदर तोंडाला लावून हळूच खोकते आणि डबीत जेमतेम थुंकते. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी. सकाळी तिला थोडा वेळ मोकळा द्या. चहा दहा मिनिटं उशिरा झाला तर आकाश कोसळत नाही. आणि सूनबाई, तू लाजू नकोस. हे थुंकणं नाही, ही तपासणी आहे.

आता नीट ऐका, कसं द्यायचं ते. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी. रात्रभर छातीत साठलेलं तेव्हा सहज सुटतं. साध्या पाण्यानं दोन चुळा भरा. बाहेर मोकळ्या हवेत जा. बंद खोलीत नको, पोरंबाळं जवळ असताना तर नकोच. खोल श्वास घ्या, क्षणभर धरा, सोडा. पुन्हा तसंच. मग तिसऱ्या वेळी पोटातून जोर लावून खोका. जे वर येईल ते डबी ओठांजवळ धरून तिच्यात घ्या. पोह्यांच्या चमच्यानं मोजलंत तर अर्धा ते एक चमचा. झाकण घट्ट लावा आणि हात साबणानं धुवा. बहुतेक वेळा दोन नमुने मागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा. सकाळच्याचा कंटाळा करू नका, दोघांत गुणाचा तोच असतो.

बेडका येतच नसेल तर? तर तसं सांगा. लाळेनं डबी भरून सुटका करून घेऊ नका. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. लहान मुलांना खोकून काढता येत नाही, ती तो गिळतात, म्हणून त्यांच्या शौचाचा नमुनाही आता याच यंत्रात तपासता येतो. जिभेवरून कापसाची काडी फिरवून भागेल का, यावरही बरंच काम झालंय. ते दवाखान्यादवाखान्यात पोचलं तर मी आनंदानं माझं तुणतुणं बंद करीन. तोवर मात्र बेडकाच.

दोन गोष्टी घाईनं सांगतो. ‘रक्त तपासून टीबी सांगतो’ असं कुणी म्हणालं तर सावध राहा. रक्तातली प्रतिपिंडं मोजून क्षयाचं निदान करणाऱ्या चाचण्या भरवशाच्या नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं. भारत सरकारनं २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला की मेडिकलमधून स्वतःच्या मनानं लेव्होफ्लोक्सासिन, ओफ्लोक्सासिनसारख्या गोळ्या आणू नका. त्या क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतात. चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू शहाणा होतो. तपासणी आधी, गोळी नंतर.

लोक मुळात येतच नाहीत, हेही आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मध्ये क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. ज्यांना लक्षणं होती, त्यांच्यातले ६४ टक्के कुणाकडेच गेले नव्हते. त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२ टक्क्यांवर रुग्ण हातून निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. म्हणून आता हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन पथकं गावात येतात आणि संगणक ते चित्र वाचून संशय सांगतो. गावात पथक आलं तर जरूर जा. पण एक्स-रे नुसतं बोट दाखवतो. शिक्कामोर्तब बेडक्यानंच होतं. बघा, आलो की नाही पुन्हा तिथेच!

आता औषधं, कारण काचेपलीकडून बाई मला तीन बोटं दाखवताहेत. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार लागायचे. महिनोन्‌महिने सुया टोचायच्या, त्यांनी काहींचे कान कायमचे जायचे. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन ही चार औषधं एकत्र देऊन सहा महिन्यांत काम होतं का, याची चाचणी बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झाली. २०२२ च्या डिसेंबरात निकाल प्रसिद्ध झाला. नव्या गोळ्यांवर ८९ टक्के रुग्णांना यश आलं, जुन्या उपचारांवर ५२ टक्क्यांना. सुई एकही नाही. आपल्या केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये या उपचाराला मंजुरी दिली. माझ्या उमेदीत हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पण ही चार औषधं चालतील की त्यातलं मॉक्सिफ्लोक्सासिन वगळायचं, हे ठरवायला जंतू कशाला दाद देत नाही ते कळावं लागतं. ते कुठून कळणार? एक्स-रेमधून नाही, रक्तातून नाही. त्याच डबीतून. डबीत लाळ असेल तर डॉक्टरांना अंदाजानं चालावं लागतं, आणि या आजारात अंदाज महाग पडतो.

आहाराविषयीही मी टिपण आणलं होतं. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना अधिकचं धान्य आणि डाळ दिली, तर घरातल्या इतरांना होणारा क्षय जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फार मोलाचं काम आहे, पण त्याला वेगळं भाषण हवं. आज नाही जमत.

एक शेवटचं, महत्त्वाचं आहे. उपचार सुरू झाल्यावर मधे मधे पुन्हा बेडका मागतात. तेव्हा पेशंट म्हणतो, ‘आता खोकलाच नाही, कशाला?’ त्या वेळी सीबीनॅट पुन्हा करा म्हणून हट्ट धरू नका. ते मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतं आणि उगाच घाबरवतं. त्यासाठी वेगळी तपासणी असते, बेडका काचेवर घेऊन किंवा जंतू वाढवून बघतात. जंतू वाढायला सहा आठवडेही लागतात, ते का, हे सांगायचं होतं… बरं, राहू दे, वेळ झाली. पण ती डबी परत आली तर ‘आता बरा आहे’ म्हणून रिकामी पाठवू नका. सकाळी, चूळ भरून, मोकळ्या हवेत, पोटातून खोकून.