‘बाथरूममध्ये पडली’ : कॅज्युअल्टीत न विचारलेला एक प्रश्न

(हे या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केलीय, बाकी तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभे असाल, कानात हेडफोन असेल, तर एक विनंती. आजचा भाग थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका. कारण शेवटी ज्या चार गोष्टी सांगणार आहे, त्या डॉक्टरने नाही, तुम्ही करायच्या आहेत.

मी कॅज्युअल्टीत काम करते. म्हणजे ॲक्सिडेंट, छातीत दुखणं, साप चावणं, जे येईल ते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवीन होते. रात्री अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. वय ७४. डावा हात सुजलेला. सोबत मुलगा. मी विचारलं, “काय झालं आजी?” उत्तर मुलाने दिलं. “बाथरूममध्ये पडली.” मी आजींकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या. मागे स्ट्रेचरवर दोन पेशंट थांबले होते. मी केसपेपरवर लिहिलं, ‘घसरून पडल्याने इजा’. एक्स-रे, प्लॅस्टर, गोळ्या, घरी.

संपलं? नाही. तीन आठवड्यांनी त्याच आजी परत आल्या. तेच प्लॅस्टर, आतून ओलं आणि वास येणारं. जीभ कोरडी ठाक, कंबरेवर बेडसोअर. बडबडत होत्या, मला ओळखत नव्हत्या. तेव्हा मी जुना एक्स-रे पुन्हा काढून बघितला.

आता जरा समजून घ्या. आपल्या पुढच्या हातात दोन हाडं असतात. म्हातारं माणूस पडतं तेव्हा ते तळहात टेकतं, आणि बहुतेक वेळा मनगटाजवळ मोडतं. या आजींचं करंगळीच्या बाजूचं हाड, म्हणजे अल्ना, मधोमध मोडलेलं होतं. दुसरं हाड शाबूत. आता तुमच्या अंगावर कोणी काठी उगारली असं समजा आणि हात वर करा. काठी कुठे बसेल? तिथेच. असं फ्रॅक्चर म्हणजे मारहाणच, असं नाही. पण डॉक्टरला प्रश्न पडायला हवा. मला पडला नव्हता.

प्रश्न पडला होता आमच्या सिस्टरना. वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या. पहिल्या रात्रीच त्या म्हणाल्या होत्या, “मॅडम, हात तीन दिवसांपूर्वीचा वाटतोय. आणि नखं बघा केवढी वाढलीत.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दुसऱ्या वेळी सिस्टरनी मला विचारलंच नाही. मुलाला म्हणाल्या, “दादा, खालून केसपेपरवर शिक्का आणा, आणि मेडिकलमधून एवढं सामान आणा.” तो गेला. सलाईन चालू झालं. दुसऱ्या दिवशी आजी शुद्धीवर आल्यावर पुन्हा तीच युक्ती. पडदा ओढला, स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि विचारलं, “आजी, घरी कोणाची भीती वाटते का?”

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “पडले नाही गं मी.” आणि लगेच पुढे, “पण त्याला पोलिसात नको देऊ. माझाच आहे.”

मित्रांनो, हे वाक्य कॅज्युअल्टीत काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी ऐकतो. इथेच सगळं अडतं.

बरं, हे किती होतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या दर सहा जणांपैकी साधारण एकाला वर्षभरात कुठल्या तरी प्रकारची वाईट वागणूक सोसावी लागते. मार हा त्यातला एकच प्रकार. शिव्या, धमक्या, उपाशी ठेवणं, औषध न देणं, पैसे काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. या आजींचं श्रावणबाळ योजनेचं पासबुक मुलाकडे होतं. बीपीची गोळी दीड महिन्यापासून बंद होती. कारण ‘परवडत नाही’.

मग कॅज्युअल्टीत ओळखायचं कसं? काही खुणा सांगते. जखम आणि गोष्ट यांचा मेळ बसत नाही. मोडलं सोमवारी, आणलं गुरुवारी. दर वेळी वेगळं हॉस्पिटल. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सोबतचा माणूस देतो आणि पेशंटला एकटं सोडत नाही. चेहरा, मान, कान, पाठ, दंडाची बाहेरची बाजू, इथे मोठे काळे-निळे डाग. मनगटावर बांधल्याचे वळ. आणि मार नसलेल्या खुणा : बेडसोअर, कोरडी जीभ, हरवलेला चष्मा, तुटलेली कवळी कोणी दुरुस्त न केलेली.

पण थांबा. लगेच कोणाला गुन्हेगार ठरवू नका. माझ्याकडून तीही चूक झालीय. एका आजोबांच्या दोन्ही हातांवर जांभळे डाग होते. मी सुनेकडे अशा नजरेने बघितलं की ती रडायलाच लागली. आजोबा हार्टसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होते. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, नुसता हात धरून उठवलं तरी डाग पडतात. ती बिचारी सहा महिने एकटीने त्यांचं सगळं करत होती. तिला संशयाची नाही, मदतीची गरज होती. अजून एक. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे नक्की सांगता येत नाही. सिनेमात सांगतात, खरं नसतं.

म्हणून खूण दिसली की निष्कर्ष नाही, प्रश्न. कॅनडात २००८ साली डॉक्टरांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी यादी तयार झाली. पाच पेशंटला विचारायचे, सहावा डॉक्टरने स्वतःला. दोन मिनिटं लागतात. रोजच्या कामांसाठी कोणावर अवलंबून आहात का? जेवण, औषध, चष्मा किंवा माणसांना भेटणं, यातलं काही कोणी अडवलं का? कोणी लाज वाटेल किंवा भीती वाटेल असं बोललं का? कोणी जबरदस्तीने सही घेतली, पैसे वापरले का? कोणी दुखावलं, नको तसा स्पर्श केला का? आणि डॉक्टरने स्वतःला विचारायचं : मला या माणसात काही खटकतंय का? ही यादी फॅमिली डॉक्टरसाठी केलेली आहे, पण मी तिचे प्रश्न माझ्या भाषेत वापरते. अट एकच, पेशंटला एकट्याने विचारायचं.

आता ‘माझाच आहे’ याचं काय करायचं? मारहाणीचा संशय असेल तर हॉस्पिटल एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. अनेकांना वाटतं एमएलसी म्हणजे थेट एफआयआर. तसं नाही. ती नोंद आहे. जबाब काय द्यायचा हे पेशंटच्या हातात असतं. पण उद्या गरज पडली, तर आज लिहिलेलं उपयोगी पडतं. पहिल्या रात्री मी ‘घसरून पडल्याने’ लिहिलं ना, ते किती महाग पडू शकतं बघा. ‘मुलाच्या सांगण्यानुसार’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी ते खरं झालं असतं.

आजींना आम्ही ॲडमिट करून घेतलं. कारण घर सुरक्षित नसेल तर बेड हीच त्या रात्रीची सगळ्यात मोठी मदत असते. एमएलसी केली, आजींना आधी समजावून. समाजसेवा अधीक्षक मॅडम आल्या. त्यांनी लग्न झालेल्या मुलीचा फोन नंबर आजींकडून मिळवला, तो आजींना पाठ होता. मुलगी दुसऱ्या दिवशी एसटीने आली. मुलाशीही बोलणं झालं. काम सुटलेलं, दारू, घरात तो एकटा. हे कारण आहे, माफी नाही.

कायदाही सांगते. ज्येष्ठांसाठी २००७ चा पालनपोषणाचा कायदा आहे. मुलं सांभाळत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम लावता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिलं आणि नंतर सांभाळलंच नाही, तर ते रद्द करून मागता येतं. आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हो, कॅज्युअल्टीत सोडून, चुकीचा फोन नंबर देऊन निघून जाणंही त्यातच येऊ शकतं. आम्ही ते बघतो.

आता तुमच्या चार गोष्टी.

एक : शेजारच्या आजींना हॉस्पिटलमध्ये नेलंत तर डॉक्टरला बाजूला घेऊन, जेवढं बघितलं तेवढंच सांगा. ‘रात्री ओरडण्याचा आवाज येतो’ एवढं पुरे. अंदाज नको.

दोन : १४५६७ हा नंबर सेव्ह करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन, एल्डरलाईन. सकाळी आठ ते रात्री आठ. जिवाला धोका असेल तर सरळ ११२.

तीन : व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. तुम्हाला लाईक मिळतात, आजींना रात्री त्याच घरात झोपायचं असतं.

चार : तुमच्याच घरात कोणी एकटं आजी-आजोबांचं सगळं करत असेल, तर आठवड्यातून एक दिवस तुम्ही करा. थकलेला माणूस कुठे तुटेल सांगता येत नाही.

आजींचं पुढे काय झालं? दोन महिने मुलीकडे राहिल्या. मग परत मुलाच्या घरी गेल्या. स्वतःच्या इच्छेने. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पासबुक आता त्यांच्याकडे असतं, मुलगी दर रविवारी फोन करते, आणि आम्ही त्यांना दर पंधरा दिवसांनी बीपी तपासायला बोलावतो. बीपी तर तपासतोच. पण सिस्टर आधी पडदा ओढतात, आणि स्टूल घेऊन शेजारी बसतात.

आज इथेच थांबते. घरी गेल्यावर आजीला फोन करा. आणि ‘बरी आहेस ना?’ विचारून ठेवून देऊ नका, थोडं थांबा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.