जांभूळ : खाऊ आणि औषध
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गजाननाच्या ध्यानश्लोकात कवठ आणि जांभूळ ही त्याची आवडती फळे म्हणून येतात. पण उत्सव भाद्रपदात, तोवर जांभळे संपलेली. इथून कोपर्निकस मार्गाने इंडिया गेटकडे गेलो, की कर्तव्य पथावर (२०२२ पर्यंत राजपथ) जांभळाची झाडे आहेत. जून-जुलैत तिथली जांभळे काळे मीठ लावून विकतात. गावाकडे रानातली फुकट खाल्लेल्या माणसाला पैसे मोजणे जड जाते, पण घेतोच!

आम्हा रेल्वेवाल्यांचे या झाडाशी जुने नाते. लाकडी स्लीपरच्या काळात जांभळाचे लाकूडही रुळांखाली जाई, कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही.

आयुर्वेदात जांभूळ तुरट, ग्राही आणि वातूळ मानतात. म्हणून जुलाबावर साल, आणि उपाशीपोटी फळ नको हा आजीचा नियम. चरकसंहितेत वारंवार होणारी लघवी आवरणाऱ्या दहा वनस्पतींत जांभूळ आहे. मधुमेहावर बियांची पूड देण्याची रीत त्याच वाटेवरची.

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. एका स्नेह्याने बियांची पूड दिली आणि मी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा माझा युक्तिवाद! तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर १४८ वरून २३६ वर गेली आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या. सौभाग्यवतींनी अक्षरशः धरून दवाखान्यात नेले. बियांवर प्रयोगशाळेत बरेच काम झाले आहे, पण पूड गोळीची जागा घेते असे माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. उलट गोळीबरोबर पूड घेतल्यास साखर जास्तच उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. वैद्यांकडे गेलात तर चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांनाही दाखवा.

फळ मात्र सोडू नका, बेताने खा. पिकलेली जांभळे मीठ लावून कुस्करावीत, बिया काढून गर गाळावा, त्यात थंड पाणी, जिरेपूड आणि किंचित काळे मीठ घालावे. आमच्या घरी या सरबतात साखर घालत नाहीत. उत्तरेकडे जांभळाचा सिरका करतात, तो कांद्यावर घालून बघा. आणि पांढरा शर्ट घालून जांभळे खायला बसू नका, हा सल्ला सौभाग्यवतींचा.