चौथी सीट

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात बिलासपूर येथे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आधी 'रेल्वे फाटक आणि आपली जबाबदारी' हा विषय दिला होता. मी म्हटलं, वर्षभर रुळाच्या कडेनेच चालतो, गणपतीसमोर तरी मला रूळ सोडून बोलू द्या. चिटणीस म्हणाले, "मग काहीतरी हलकंफुलकं बोला. पण वीस मिनिटंच. नंतर आरती आहे, आणि आरतीनंतर मसालेभात कुणासाठी थांबत नाही." तर विषय हलकाफुलकाच घेतलाय. आम्ही चार मित्र मुंबईला राहायला जाणार होतो, त्याची ही गोष्ट. रूळ मात्र त्यात येणार, त्याला इलाज नाही.

मी मनमाडचा. इथल्या बहुतेकांनी मनमाड पाहिलंय, पण खिडकीतून आणि अर्धवट झोपेत. मनमाडला कुणी येत नाही, मनमाडला गाडी बदलतात. मुंबई-भुसावळ ही मुख्य लाईन, तिला दौंडकडून एक आणि तेव्हाच्या औरंगाबादकडून एक अशा लायनी येऊन मिळतात. अशा गावात वाढणाऱ्या पोराचा एक समज पक्का होतो, की जगातला प्रत्येक माणूस कुठेतरी चाललाय, फलाटावर राहिलोय ते फक्त आपण. त्यात पाण्याची बोंब. वागदर्डी धरण आटलं, की नळ पुन्हा कधी येईल हे ज्योतिषालाही विचारू नये.

रेल्वेनेही आमच्या डोक्यात भर घातली. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईपासून दूर जाणारी 'डाऊन'. म्हणजे सरकारी कागदावरच लिहिलेलं, मुंबईला जाणं म्हणजे वर जाणं! प्रत्यक्षात ही अप गाडी इगतपुरी सोडली की कसारा घाटात ३७ मीटरला १ मीटर अशा उताराने खाली उतरते. वर चढावं लागतं ते परत येताना, आणि त्यासाठी कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं. आणखी एक गंमत. त्या काळी इगतपुरीला इंजिन बदलायचं, कारण आमच्या बाजूला तारेत २५,००० व्होल्ट एसी आणि मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्ट डीसी. म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबाने मनमाडच मोठं शहर होतं! (२०१६ पर्यंत मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या सगळ्या लायनी आमच्या व्होल्टेजवर आल्या, हे इथे अभिमानाने नमूद करतो.) पण हे सगळं मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं. तोवर आमचं वर जायचं ठरून गेलं होतं.

आम्ही चौघे. खरी नावं सांगत नाही, दोघांच्या सुना यायच्या आहेत. एकाला आम्ही 'मावशी' म्हणायचो, कारण त्याची मावशी डोंबिवलीत राहायची आणि तेवढ्या भांडवलावर तो आमचा मुंबईतला तज्ज्ञ होता. दुसरा 'अनाउन्सर'. त्याला व्हीटीपासून कल्याणपर्यंतची स्टेशनं पाठ. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ... श्वास न घेता म्हणायचा. १९९६ साली व्हीटीचं सीएसटी झालं तेव्हा पाठांतराची चाल बिघडली म्हणून तो दोन दिवस नाराज होता. तिसरा 'हिशेबनीस'. त्याच्या वडिलांचं स्टेशनरोडला सायकलदुरुस्तीचं दुकान. आणि चौथा मी.

या सगळ्याला सुरुवात झाली ती गणपतीच्या मांडवातच. 'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ साली. आमच्या गल्लीत तो तीन-चार वर्षांनी पोचला, भाड्याच्या व्हीसीआरवर. चार मित्र, पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, म्हणून दोघे बायका होतात. सगळा मांडव हसून लोळत होता. आम्ही चौघे मात्र गंभीर चेहऱ्याने बघत होतो, कारण आमच्या दृष्टीने तो माहितीपट होता. संपल्यावर हिशेबनीसाने पहिला प्रश्न विचारला, "आपल्यात साडी कोण नेसणार?" अनाउन्सरला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

दहावीनंतर बेत पिकला. डोंबिवलीत एक खोली, चौघांत. दुकानाच्या उधारीच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांत हिशेबनीसाने अंदाजपत्रक मांडलं. भाडं ९०० भागिले चार. रॉकेल, पास, केस कापणे. वडापाव, माणशी रोज दोन. 'समुद्र बघणे' या सदराखाली महिन्याला दहा रुपये. मी विचारलं, समुद्र फुकट असतो ना? तो म्हणाला, "समुद्र फुकट असतो रे, पण तिथे गेल्यावर भेळ खावीशी वाटते." मंडळी, आज मी रेल्वेची एस्टिमेटं करतो. पण इतकं प्रामाणिक एस्टिमेट मी अजून पाहिलेलं नाही.

मग प्रशिक्षण सुरू झालं. मावशीने सांगितलं होतं, की लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघे बसतात, त्याला चौथी सीट म्हणतात. ती तोंडाने मागायची नसते. हाताने नुसतं 'सरका' दाखवायचं आणि टेकायचं. मग आम्ही रोज संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर चौथ्या सीटचा सराव करायचो. आळीपाळीने एक जण कडेला, अर्धा बाकावर आणि अर्धा मनमाडच्या हवेत. हिशेबनीस कायम चौथी सीट घ्यायचा. म्हणायचा, "तुम्ही नीट बसा, मला दुकानात उकिडवं बसायची सवय आहे."

१९९६च्या डिसेंबरात आम्ही पाहणी दौऱ्यावर निघालो. तेव्हा मी नाशिकरोडला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो, पंचवटीचा पास काढून रोज ये-जा करायचो, त्यामुळे गाडीतली मंडळी ओळखीची. पत्ते कुटणाऱ्या एका काकांनी विचारलं, "चौघे कुठे?" आम्ही एका सुरात म्हणालो, "मुंबईला, खोली बघायला." काकांनी पत्त्यातून मान वर न करता सांगितलं, "मी वीस वर्षं बघतोय. संध्याकाळच्या गाडीने परत या."

मावशीच्या मावशीकडे मुक्काम. दीड खोली, माणसं पाच, त्यात आम्ही चार. बिचारीने भाकऱ्यांची चळत घातली. एक शब्द वाकडा नाही. रात्री आम्ही स्वयंपाकघरात ओळीने झोपलो, म्हणजे चौथ्या सीटचा आडवा प्रयोग. पहाटे साडेचारला हाक आली, "उठा रे पोरांनो, पाणी आलं!" मंडळी, ज्या हंड्यांपासून पळून आम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर आलो होतो, ते हंडे आमच्या आधी डोंबिवलीत पोचले होते. चौघांनी रांगेत उभं राहून पिंप भरलं. मावशी म्हणाल्या, "मनमाडची पोरं पाण्याला चांगली आहेत हो." मुंबईने आम्हांला दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र.

सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट कुठली, चौथा पाय ठेवायला जागा नव्हती. दादरला उतरायचं ठरलं होतं. ज्याला सगळी स्टेशनं पाठ, तो अनाउन्सर ठाण्यालाच उतरला. उतरला म्हणजे गर्दीने उतरवला. आम्ही आतून त्याच्या नावाने ओरडतोय, तो फलाटावरून हात हलवत लांब लांब जातोय. दुपारी दीडला तो दादरला सापडला. तीन तास इंडिकेटरखाली उभा होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना गाड्या सांगत होता. समुद्र बघितला, भेळ खाल्ली, दहा रुपयांत भागली नाही. परतीच्या पंचवटीत हिशेबनीसाने वही काढून त्या सदरात दुरुस्ती केली. कसाऱ्याला बँकर लागले, मागून धक्का बसला, आणि चौघेही हसायला लागलो.

बेत मात्र मोडला नव्हता. तो दोन वर्षांनी मोडला, आणि तोही अर्धाच.

हिशेबनीसाच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात धाकट्या दोन बहिणी. दुकान त्याच्याकडे आलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो चाकाचे आरे ओढत बसला होता. बोलला काहीच नाही. उठून वही आणली आणि दाखवली. त्याने सगळं अंदाजपत्रक पुन्हा मांडलं होतं. भाडं ९०० भागिले तीन. रॉकेल भागिले तीन. माणशी खर्च वाढत होता म्हणून वडापाव रोज दोनाचा एक केला होता. "एवढ्यात बसतं," म्हणाला, "तुम्ही जा."

पुढे झालं ते असं. अनाउन्सर खरंच मुंबईकर झाला, म्हणजे बदलापूरचा. मावशीला औषध कंपनीची फिरती मिळाली आणि तो जळगावला स्थिरावला. डोंबिवलीच्या मावशीकडे तो आता दिवाळीला जातो. मी २००२ साली रेल्वेत लागलो, आणि नेमणुकीचा कागद बघितला तर पेंड्रारोड! दुसऱ्या दिवशी नकाशा काढून हिशेबनीसाने मला दाखवलं, "ही बघ, बिलासपूरपर्यंत आपलीच लाईन आहे. मुंबई-नागपूर-हावडा. तू फक्त दुसऱ्या बाजूच्या गाडीत बसलास." स्वप्न पश्चिमेला २६० किलोमीटरचं आणि नोकरी पूर्वेला हजारभर किलोमीटरवर. पहिली रात्र खोंगसऱ्याच्या जंगलात ट्रॅकमनबरोबर काढली. शेकोटीजवळ एकाने विचारलं, "साहब, आप बंबई से हो?" मी क्षणभर विचार केला आणि मंडळी, हो म्हणून टाकलं. त्याच्या हिशेबाने खोटं नव्हतं.

तेव्हापासून सुट्टीला जाता-येता हावडा मेल मध्यरात्रीच्या सुमारास मनमाडला थांबते, आणि फलाटावर तो असतो. हातात डबा, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. गाडी थांबते ती काही मिनिटं. त्यात तो माझी, बायकोची, मुलाची चौकशी करतो आणि चाकांकडे एक नजर टाकतो. ती सायकलवाल्याची खोड. आमच्या मुलाला लहानपणी वाटायचं, की हे काका स्टेशनवरच राहतात.

तो मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. त्याचा जन्म इथला, बिलासपूरचा. मला जे गाव पेंड्रारोडहून बदली झाल्यावर महानगर वाटलं होतं, त्याला तो "छोटीसी जगह" म्हणतो. २०२२च्या डिसेंबरात वंदे भारत सुरू झाली तेव्हा मी हौसेने दाखवायला नेलं, तर म्हणतो, "बाबा, पण ही नागपूरलाच जाते." कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली तो आणि त्याचे तीन मित्र बसतात. एक छत्तीसगढी, एक तेलुगू, एक बंगाली. परवा मोबाईलवर बंगळूरचं घरभाडं काढून भागिले चार करत होते. मी मागे उभा होतो. बायको म्हणाली, काही बोला त्याला. मी फक्त एवढंच विचारलं, की समुद्रासाठी किती धरलेत. पोरं माझ्याकडे बघायला लागली. बंगळूरला समुद्र नाही, हे माझ्या लक्षात होतं हो. पण भेळ तर असेल.

हिशेबनीसाची मुलगीही यंदा ठाण्यात नोकरीला लागली. तीन मैत्रिणींबरोबर राहते. भाडं भागिले चार. हा हिशेब त्याने त्याच जुन्या वहीत लिहिलाय, आमच्या पानासमोर. फोनवर त्याने तिला विचारलं, "लोकलमध्ये चौथी सीट मिळते का गं?" ती म्हणाली, "बाबा, मला उभं राहायला मिळतं." पहिल्या पगारातून तिने वडिलांना तिकीट काढून दिलं. कुठलं काढू म्हणून विचारल्यावर त्याने मुंबईचं सांगितलं नाही, बिलासपूरचं सांगितलं. भुसावळच्या पुढे तो आयुष्यात पहिल्यांदा आलाय. परवा रात्री मी फलाटावर होतो आणि तो गाडीत. उलटं चित्र. उतरल्या उतरल्या त्याने आधी चाकं बघितली.

तो आज इथे आहे, उजवीकडे, चौथ्या रांगेत. त्या बाकावर तिघे ऐसपैस बसलेत आणि हा कडेला, अर्धा बाकावर, अर्धा बिलासपूरच्या हवेत. अहो कुलकर्णीवहिनी, जरा सरका की तिकडे. नीट बस रे लेका. चिटणीस घड्याळ दाखवतायत. चला, आरती.