पुराआधीची तालीम



ऑगस्ट 2024 च्या अखेरीस, गणेश चतुर्थीला जेमतेम दहा दिवस उरले असताना, विश्वामित्रीने 35 फुटांची पातळी ओलांडली आणि बडोद्यातल्या कितीतरी वस्त्या पाण्यात गेल्या. अशा वेळी माणूस पहिला फोन आपल्या नगरसेवकाला करतो. बोट कधी येईल? आजव्यातून आणखी पाणी सोडणार का? उत्तर ठाऊक नसलेला नगरसेवक धीर देईल, पण वाट दाखवू शकणार नाही.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा स्थानिक संस्थांना अधिकारी आणि कर्मचारी प्रशिक्षित ठेवायला सांगतो. निवडून आलेल्या सदस्यांचा उल्लेख त्या कलमात नाही. पण त्यांना बोलवायला मनाईही नाही. एनडीआरएफची सहावी बटालियन तर आपल्या जिल्ह्यातच, जरोदला आहे.

म्हणून मंडळाने महापालिकेला पत्र द्यावे: दरवर्षी पावसाळ्याआधीच्या सरावाला सर्व 76 नगरसेवक हजर असावेत. नियंत्रण कक्षाशी बोलायचे कसे, खात्री नसलेली बातमी थोपवायची कशी, आधी कोणाला हलवायचे, हे त्यांनी तिथे शिकावे.

आणि आपण? वर्गणीसाठी घरोघर जातोच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची नोंद त्यांच्या संमतीने करून ती यादी नगरसेवकाच्या हाती देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!