पहारेकऱ्याला ठाऊक नसलेला परवलीचा शब्द



आपण ज्या हिंदूराव परिसरात जमलो आहोत, त्याला बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे नाव मिळाले आहे. १८५७ मध्ये त्यांच्या वाड्यात इंग्रज सैन्याची मोठी चौकी होती. आज तेथे रुग्णालय आहे. लष्करी चौकीवर परवलीचा शब्द विचारला जातो. तो पहारेकऱ्याला ठाऊक असावाच लागतो. म्हणूनच पहारेकरी फितूर झाला, की शब्दही फुटतो. हा जुना पेच संगणकशास्त्राने कसा सोडविला, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सामायिक संगणकावर सर्वांचे परवलीचे शब्द एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. एके दिवशी दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि दैनिक सूचनेऐवजी प्रत्येकासमोर ती यादीच उमटली. कोणी चोरी केली नव्हती; वाचता येईल अशी यादी अस्तित्वात होती, हाच दोष.

यावरील उपाय असा, की शब्दाऐवजी त्याचे ‘हॅश’ नावाचे रूपांतर जपून ठेवावयाचे. अनुवादावरून मूळ संहितेचा अदमास बांधता येतो, हे आम्ही अनुवादक जाणतो; येथे मात्र परतीची वाटच बुजविलेली असते. आपण शब्द टंकित केला, की सर्व्हर त्याचे पुन्हा तसेच रूपांतर करतो आणि जपलेल्या रूपाशी ताडून पाहतो.

तरीही चोर शब्दकोशातील एकेका शब्दाचे रूपांतर करून ते यादीशी जुळवू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या शब्दात यदृच्छेने निवडलेली वेगळी अक्षरे मिसळण्याची ‘सॉल्ट’ पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये वर्णिली. तिच्यामुळे दोघांचा शब्द एकच असला, तरी त्यांची रूपे भिन्न होतात. १९९९ मध्ये मांडलेल्या ‘बीक्रिप्ट’ने तर रूपांतर हेतुपुरस्सर संथ केले. प्रामाणिक माणसाचा त्यात क्षणच जातो. कोट्यवधी अंदाज करणाऱ्याचे श्रम मात्र कैक पटींनी वाढतात.

अपाचे सर्व्हरसोबत मिळणारी ‘एचटीपासवर्ड’ ही छोटी आज्ञावली बीक्रिप्ट वापरून अशी फाइल तयार करू शकते. ती फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक विभागाबाहेर ठेवावी, संस्था सोडून गेलेल्यांची नावे तिच्यातून काढावीत आणि देवाणघेवाण एचटीटीपीएसवरूनच करावी. अन्यथा शब्द वाटेतच उघडा पडतो.

आपल्यापैकी अनेकजण रुग्णालयासाठी आणि बँकेसाठी एकच शब्द वापरतात; एक यादी फुटली, की दोन्ही दारे उघडतात. तेव्हा एवढे ध्यानी असू द्यावे: विसरलेला शब्द जे कार्यालय आपल्याला जसाच्या तसा सांगू शकते, त्याने तो वाचता येईल असाच ठेवला आहे. चांगला पहारेकरी नवा शब्द निवडावयास सांगतो, कारण जुना त्यालाही ठाऊक नसतो.