महामारी आणि दाताचा दवाखाना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'दातांची निगा' हा विषय दिला होता. पण दात कसे घासावेत हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असून रात्री घासण्याचा कंटाळा करतो, तो भाग निराळा! म्हणून त्यांच्या परवानगीने मी जरा वेगळे बोलणार आहे. 2020 साली करोनाची साथ आली आणि दाताचे दवाखाने एकाएकी बंद झाले. "दाढ ठणकत होती आणि डॉक्टर दारात उभे करीनात," ही तक्रार पुष्कळजणींच्या तोंडून मी अजूनही ऐकते. त्या रागात तथ्य आहे, पण दुसरी बाजूही आहे.

दात कोरण्याचे आमचे यंत्र मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. त्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. ते पाणी, लाळ आणि प्रसंगी रक्त यांचे अतिसूक्ष्म तुषार खोलीत पसरतात व काही वेळ हवेत तरंगत राहतात. झाकण न लावता मिक्सर सुरू करावा, तसाच प्रकार. फक्त हे शिंतोडे डोळ्यांना दिसत नाहीत. रोगी तोंड उघडून बसलेला, म्हणजे त्याला मुखपट्टी लावता येत नाही. आणि दंतवैद्याचा चेहरा त्याच्यापासून जेमतेम वीत-दीड वीत! इतर डॉक्टरांना चार पावले मागे सरून बोलता येत होते, आम्हांला ते कसे साधावे?

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. प्रतिबंधित भागातले दवाखाने बंदच ठेवायचे आणि इतरत्र तातडीचेच उपचार करायचे, असा त्यांचा आशय होता. सूज, न थांबणारा रक्तस्राव, असह्य ठणका, अपघाताचा मार एवढ्यांनाच वाट मोकळी. बाकी सर्व फोनवर. आता फोनवर गोळी सांगता येते, दात कोरता येत नाही. गोळीने ठणका थांबतो, सूज ओसरते, पण किडलेली नस आत तशीच राहते. जो दात वेळेवर मुळाचा उपचार करून वाचला असता, तो काही महिन्यांनी काढावा लागला, असे पुष्कळांचे झाले. ज्या मुलींच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या त्यांचे काम मध्येच अडले. आणि घरातल्या बाईने आपली दाढ नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी ठेवली. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून ती रांधत राहिली.

दवाखाने पुन्हा उघडले तेव्हा ते पूर्वीचे राहिले नव्हते. आत जाण्यापूर्वी ताप पाहणे, औषधी पाण्याने चूळ भरणे, दाताभोवती रबराचा पडदा लावणे, तुषार ओढून घेणारी मोठी नळी, आणि एक रोगी गेल्यावर खोलीत वारा खेळू देऊन मगच दुसरा. दिवसाला येणारे रोगी कमी झाले. खुर्चीच्या कर्जाचा हप्ता आणि जागेचे भाडे मात्र तेवढेच राहिले. त्यात संरक्षक पोशाखाचा खर्च. तो बिलात लागला म्हणून भांडणे झाली. माझ्या मते खर्च घेणे गैर नव्हते, पण तो आधी न सांगता शेवटी हातात ठेवणे गैर होते. आणि या साऱ्यात मदतनीस मुलींची आठवण कोणी फारशी काढत नाही. हत्यारे धुणे, थुंकीचे भांडे साफ करणे हे सर्व त्याच करीत, आणि संध्याकाळी आपल्या लेकराबाळांत परतत.

साथीने आमची रीत बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1980 च्या दशकात एड्सची साथ आली, तोपर्यंत बहुतेक दंतवैद्य उघड्या हातांनीच रोग्याच्या तोंडात काम करीत! हातमोजे सर्रास आले ते त्यानंतर.

2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र दंतवैद्यांवर वेगळेच काम आले. करोनातून उठलेल्या काही रोग्यांना काळ्या बुरशीने गाठले. ज्यांचा मधुमेह ताब्यात नव्हता आणि ज्यांना स्टिरॉइड द्यावे लागले होते, त्यांना तिचा धोका विशेष. महाराष्ट्रात असे रोगी पुष्कळ निघाले. ही बुरशी नाकाच्या बाजूच्या पोकळीतून वरच्या जबड्यात उतरते, त्यामुळे काहींच्या बाबतीत पहिली खूण तोंडातच दिसली: किडलेले नसताना वरचे दात हलू लागणे, हिरडीतून पू येणे, टाळूवर काळा डाग पडणे. त्याच मे महिन्यात केंद्राने राज्यांना सांगितले की 1897 च्या साथरोग कायद्याखाली या रोगाची नोंद सक्तीची करावी. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या वेळी झालेला. किती जुने हत्यार पुन्हा काढावे लागले पाहा!

कित्येकांचा वरचा जबडा शस्त्रक्रियेने काढावा लागला. टाळूला भोक राहिले की प्यायलेले पाणी नाकातून येते, आणि बोललेले दुसऱ्याला कळत नाही. अशांसाठी दंतवैद्य मापाने एक कवळी करतात, तिला वर भोक बुजवणारा फुगवटा असतो. ती बसली की माणसाला चारचौघांत घोटभर चहा पिता येतो.