लहान चणीच्या मुलींचे बळ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



व्यायाम शिकवणाऱ्या बाईने शिस्तीवर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज ताटातल्या अंड्याविषयी आणि पाण्याच्या बाटलीविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दहावीची एक मुलगी चक्कर येऊन पडली. उंची पावणेपाच फूट, वजन ४१ किलो. तीन आठवडे ती नुसत्या चहावर शाळेत येत होती. का, तर बारीक व्हायचे होते. तिच्या अम्मींना बोलावून मी म्हटले, हिला पोटभर जेवू द्या आणि थोडा वजनाचा व्यायाम करू द्या. त्या म्हणाल्या, "नको बाई, अंग पुरुषी होईल." मुलीला जाड होण्याची भीती, आईला अंग पुरुषी होण्याची. दोन्ही भीती निराधार आहेत, हे सांगण्यासाठी मी येथे उभी आहे.

पुरुषांचे स्नायू ज्या टेस्टोस्टेरॉन संप्रेरकामुळे भरतात, ते स्त्रियांच्या शरीरात फारच कमी असते. म्हणून वजन उचलणाऱ्या मुलीचे अंग फुगत नाही. ते बांधेसूद आणि काटक होते. मणिपूरच्या मीराबाई चानू यांची उंची पाच फुटांहून कमी. ४९ किलो वजनगटात त्यांनी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि एका उचलीत ११५ किलो डोक्यावर धरले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक! निझामाबादची निखत झरीन २०२२ साली ५२ किलो गटात मुष्टियुद्धाची जगज्जेती झाली आणि २०२३ साली ५० किलो गटात. लहान चण ही उणीव नव्हे.

मात्र लहान चणीचा हिशेब थोडा वेगळा असतो. एक, अशा मुलीला एकूण अन्न कमी लागते. धिप्पाड माणसाला दोन समोसे जिरतात; तिच्या वाट्याचे अन्न तेवढ्यातच बरेचसे संपते, आणि कामाचे अन्न राहून जाते. म्हणून उपाशी राहू नका, निवड करा. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने असावीत. ४५ किलोच्या मुलीला ५४ ते ७२ ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट डाळ, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे आणि एका वेळी मासे किंवा कोंबडी, एवढ्यात साठीच्या घरात आकडा जातो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. महागड्या डब्यातली पावडर आणायची गरज नाही. तळण आणि चहातली साखर कमी करा. भाकरी सोडू नका.

दुसरे, वजन वाढवायचे ते थोडे थोडे. दोन किलोवरून एकदम चार किलोवर जाणे म्हणजे दुप्पट ओझे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बाटलीत अर्धा लिटर पाणी वाढवले की अर्धा किलो वाढते. यापेक्षा सोयीचे साधन कोणते? आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, घरातच दार लावून करा: बैठका, भिंतीला हात टेकून जोर, बाटल्या खांद्यापासून वर उचलणे, दप्तर छातीशी धरून बैठका. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. बारा सहज होऊ लागले की ओझे वाढवा. भिंतीचे जोर सोपे वाटले की पलंगाच्या कडेवर करा. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर आणि बेताचा ठेवा. सहरीला अंडे किंवा दही विसरू नका.

रोज काट्यावर उभ्या राहू नका. तेवढ्याच वजनाचा स्नायू चरबीपेक्षा कमी जागा घेतो. म्हणून काटा हलत नाही, पण कंबर आटोपशीर होते. महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपने माप घ्या. दोन-तीन महिने धीर धरा.

पालकांनो, आता एक प्रश्न तुम्हाला. घरात अंडी चारच असली तर ती कोणाच्या ताटात जातात? मुलगा खेळतो म्हणून त्याला दोन, आणि मुलगी "नको म्हणते" म्हणून तिला एकही नाही, असे तर होत नाही ना? ती नको का म्हणते, हे कधी विचारले आहे का? तरुणपणी मिळवलेले हाडांचे बळ तिला म्हातारपणापर्यंत पुरवायचे आहे.

ती चक्कर आलेली मुलगी आज महाविद्यालयात आहे. वजन ४४ किलो, जुने कपडे अजून होतात. तिची दादी अंथरुणाला खिळून आहे. पूर्वी त्यांना उठवून बसवायला दोघे लागत. परवा तिच्या अम्मी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, आता ती एकटी बसवते." पुरुषी अंगाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.